घरचा संगणक आणि जुन्या व्हिडिओ कॅसेटी

आपल्या मॉरिशसमधील पुष्कळ मराठी घरांत कपाटाच्या तळाशी व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. कुणाचे लग्न, कुणाच्या अंगणातली झाकरी, कुठल्या वर्षीची गणेश चतुर्थी. त्यांत आज हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे आहे. आपल्या दमट हवेत फितीला बुरशी लवकर धरते. शिवाय व्हीएचएस यंत्रे बनवणारी शेवटची मानली जाणारी जपानची फुनाई कंपनी २०१६ साली त्या धंद्यातून बाहेर पडली. तेव्हा कॅसेटी संगणकात उतरवून घ्याव्यात हा विचार योग्यच आहे. पण काम सुरू केले की चित्र अडखळते, ओठ आणि आवाज यांचा मेळ बसत नाही, डिस्क भरून जाते. असे का होते, ते आम्ही थोड्या गणिताने सांगतो.

पूर्ण दर्जाचे एक चित्र म्हणजे ५७६ ओळी आणि प्रत्येक ओळीत ७२० ठिपके. एका ठिपक्याला दोन बाइट धरले तर एका चित्राला ८,२९,४४० बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रे येतात, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २१ मेगाबाइट. तासाला सुमारे ७५ गिगाबाइट आणि तीन तासांच्या कॅसेटला सुमारे २२४!

वर्गात शुद्धलेखन घालताना मागे पडलेल्या मुलासाठी शिक्षक थांबतो. कॅसेट थांबत नाही. संगणक क्षणभर मागे पडला की तेवढी चित्रे कायमची गळतात. म्हणून वाटेतला प्रत्येक टप्पा पाहावा लागतो.

पहिला टप्पा वायरचा. यूएसबीच्या पहिल्या पिढीतून सेकंदाला जेमतेम दीड मेगाबाइट जात असे. त्या काळच्या पेट्यांना चित्र दाबून लहान करण्यावाचून गत्यंतर नव्हते. २००० साली आलेल्या यूएसबी २ चा कागदावरचा वेग ६० मेगाबाइट आहे. प्रत्यक्षात तो कमी भरतो, तरी आपल्या कामाला पुरतो.

दुसरा टप्पा डिस्कचा. फिरणाऱ्या डिस्कच्या बाहेरच्या कडेवर लिहिणे जलद होते, आत जावे तसे मंदावते. त्यामुळे जुनी डिस्क अर्धी भरेपर्यंत नीट चाले आणि मग चित्रे गाळू लागे. आजच्या डिस्कना हा वेग जड नाही. पण त्याच डिस्कवर संगणकाची इतर कामे चालू असली तर तिला मध्येच दुसरीकडे धावावे लागते. कॅसेटीसाठी वेगळी डिस्क ठेवणे उत्तम.

तिसरी अडचण फसवी आहे. डिस्क फॅट३२ पद्धतीने आखलेली असेल तर एक फाइल ४ गिगाबाइटांपुढे जात नाही. आपल्या हिशेबाने ती साडेतीन मिनिटांतच संपते! डिस्क एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने आखून घ्यावी.

ओझे कमी करायचे तर हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ वापरावे. यांत दर्जा मुळीच न गमावता आकार बहुधा निम्म्याच्या आसपास येतो. मात्र ते दाबण्याचे काम प्रोसेसरला त्याच वेळी करावे लागते. डीव्ही पद्धतीत तासाला सुमारे १३ गिगाबाइट पुरतात, पण रंगांचा थोडा बारकावा जातो.

उलट, हाय डेफिनिशनमध्ये उतरवण्याचा मोह टाळावा. त्याला सेकंदाला १०४ मेगाबाइट लागतील, आणि फितीवर जे नाही ते चित्रात येणार नाही.

आपल्या बेटाची एक खास गोष्ट. एमबीसीचे जुने प्रक्षेपण फ्रेंच सेकाम पद्धतीचे होते आणि भारतातून आलेल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या. फक्त पाल समजणाऱ्या पेटीतून सेकामची कॅसेट काळी-पांढरी दिसते. खरेदीपूर्वी दोन्ही पद्धती चालतात का, हे विचारावे. आणि संगणक चांगला असूनही चित्रे गळत असतील तर जुन्या फितीची डळमळती चाल हेही कारण असते. तिला टाइम बेस करेक्टर नावाचे यंत्र सावरते.

वाचकहो, सगळ्या कॅसेटी एकदम काढू नका. ज्यांतली माणसे आता नाहीत, त्या आधी घ्या. पूर्ण दर्जाची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, नातेवाइकांना लहान प्रत पाठवा. आणि फितीत कोण कोण दिसते, कोणते गाणे चालले आहे, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आजच लिहून ठेवा. ते काम कुठल्याही संगणकाला करता येणार नाही.