नागिणीचे तोंड आणि शेपूट



गळीत हंगामात घरातला प्रत्येक हात उसामागे असतो. तोड कधी येते, टोळी आली का, याच चिंता. अशा वेळी ओसरीवरचे आजोबा "बरगडीत आग होते रे" म्हणाले, तर "उसण भरली असेल, तेल चोळा" असे सांगून आपण शेताकडे निघतो. दोन-तीन दिवसांनी पाठीपासून पोटाकडे, एकाच अंगाला, पाणीभरल्या फोडांचा पट्टा उठतो. शेजारची मावशी म्हणते, नागीण! मग उमरखेडच्या सरकारी रुग्णालयाकडे निघायचे सोडून आपण मंत्र घालणाऱ्याकडे वळतो. तोंड-शेपूट जुळले की माणूस गेला, या धास्तीने घरातले जेवतसुद्धा नाहीत.

ते जुळण्याचा प्रश्नच सहसा येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो, चाळीस-पन्नास वर्षेसुद्धा. वय झाले, साखरेचा आजार जडला, अंगातली प्रतिकारशक्ती घटली की तो त्याच तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. डाव्या-उजव्या अंगाचे तंतू वेगळे, म्हणून पट्टा मध्यावर येऊन थांबतो.

फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआप वाळतात, आणि श्रेय मंत्राला मिळते. आमचे मंत्रवाल्याशी भांडण नाही. भांडण आहे ते वाया गेलेल्या दिवसांशी. ॲसायक्लोव्हिरसारखी गोळी विषाणूची वाढ रोखते, पण फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर तिचा खरा उपयोग. उशीर झाला तरी डॉक्टरांना दाखवावेच. कातडी बरी होते, पण म्हाताऱ्या माणसांत आतली आग कधी कधी महिनोन्‌महिने राहते. सदऱ्याचा स्पर्श सोसवत नाही, रात्र रात्र झोप नाही. "आता तर फोडही नाहीत, उगाच कण्हतात" असे सुनेने किंवा लेकाने म्हणू नये. ते दुखणे खरे असते आणि त्यावर वेगळी औषधे आहेत.

फोड कपाळावर, पापणीवर किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना गाठावे. डोळा जाऊ शकतो. तिथे चुना, गेरू काही लावू नये.

खपल्या धरेपर्यंत फोड स्वच्छ कापडाने झाकावेत. ज्यांना कांजिण्या झालेल्या नाहीत त्यांना या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून गरोदर बाई आणि तान्हे लेकरू दूर ठेवावे. पन्नाशीनंतर घेण्याची दोन डोसांची नवी लस २०२३ पासून भारतात मिळू लागली आहे. महाग आहे, ऐपत असेल त्याने डॉक्टरांना विचारावे.

थंडीत वृद्धांच्या दोन्ही पायांना, पाठीला फोडांशिवाय नुसती खाज सुटते, ती बहुतेक कोरड्या कातडीची. कढत पाणी आणि साबण कमी करून आंघोळीनंतर ओलसर अंगाला खोबरेल लावले की ती निवते. मात्र घरात सगळेच रात्री खाजवत असतील तर ती खरूज. औषध सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचे.