सरांच्या कारकिर्दीची नोंद कोण ठेवणार?

बुलढाणा तालुक्यातले धाड हे मराठवाड्याच्या सीमेलगतचे गाव. या भागातली एखादी मुलगी आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेत चमकली, तर तिच्यापुढे मोठी वाट उघडते. आधी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात निवड, मग पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथून अखिल भारतीय स्पर्धा, राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ महोत्सव आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. विद्यापीठाकडून खेळली की कलर कोट मिळतो. पुढे निकष पूर्ण झाले तर शासकीय नोकरीत खेळाडूंसाठीच्या पाच टक्के समांतर आरक्षणाचा लाभही मिळू शकतो.

हे सारे योग्यच आहे. मात्र त्या मुलीला पहिल्यांदा मैदानावर आणणारे, ‘पोरीला खेळू द्या’ म्हणून तिच्या घरी जाऊन बसणारे, पात्रता फॉर्मपासून परतीच्या गाडीपर्यंत सगळे पाहणारे महाविद्यालयातले सर किंवा मॅडम या वाटेवर कुठेच दिसत नाहीत. तीस वर्षांच्या नोकरीनंतर निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळते, चार भाषणे होतात आणि सगळी कारकीर्द त्या संध्याकाळीच संपते.

असे का होते, हे समजून घ्यायचे तर आपल्याकडच्या पुरस्कारांची रचना पाहावी लागेल. प्रशिक्षकांसाठीचा देशातला सर्वोच्च सन्मान म्हणजे द्रोणाचार्य पुरस्कार. तो १९८५ मध्ये सुरू झाला. पहिल्याच वर्षीच्या तीन मानकऱ्यांत कुस्ती प्रशिक्षक भालचंद्र भास्कर भागवत होते. १९९० मध्ये क्रिकेट प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांना तो मिळाला, तर २०२४ च्या पुरस्कारांत नेमबाज स्वप्नील कुसाळेच्या मार्गदर्शक दीपाली देशपांडे यांचे नाव होते. प्रदीर्घ सेवेसाठी जीवनगौरव गटही आहे. पण या पुरस्काराचा मुख्य निकष खेळाडूची आंतरराष्ट्रीय कामगिरी हा आहे. महाविद्यालयातले सर खेळाडूला घडवतात आणि तो मोठा होऊ लागला की पुढच्या प्रशिक्षकाच्या, अकादमीच्या किंवा राष्ट्रीय शिबिराच्या हवाली करतात. पदक येते तेव्हा ते त्या चित्रात नसतात. राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांत क्रीडा मार्गदर्शकांचा वेगळा गट आहे, पण तिथेही मोठ्या पदकांचेच पारडे जड राहते.

विद्यापीठांच्या पातळीवर मौलाना अबुल कलाम आझाद करंडक आहे. १९५६-५७ पासून तो सर्वोत्तम क्रीडा कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला दिला जातो. म्हणजे सन्मान संस्थेचा. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठी महाविद्यालये आजवर जी माहिती भरत आली आहेत, तिच्यात क्रीडा पदकांचा तक्ता असतो. त्यात वर्ष, पुरस्कार, स्पर्धेची पातळी, विद्यार्थ्याचे नाव अशी माहिती भरावी लागते. शिकवणाऱ्याच्या नावासाठी रकाना नसतो.

विरोधाभास पाहा. महाविद्यालयीन क्रीडा संचालकाच्या निवडीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने शारीरिक क्षमतेची कसोटी ठरवली आहे. तीस वर्षांपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १,८०० मीटर आणि महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १,००० मीटर अंतर पार केले पाहिजे. नोकरीच्या दारात मीटर मोजले जातात. नंतरच्या तीन दशकांत किती मुले मैदानावर आणली, याचा हिशेब मात्र कोणीच ठेवत नाही.

महाविद्यालय खेळाडूसाठी काय करू शकते, हे महाराष्ट्राने पाऊण शतकापूर्वी पाहिले आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा जाधवांना अंगकाठी लहान म्हणून वार्षिक स्पर्धेत घ्यायला क्रीडा शिक्षक तयार नव्हते. प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी त्यांना संधी दिली. पुढे हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसे कमी पडले, तेव्हा खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ मध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आज खाशाबांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. पण त्यांना कुस्ती शिकवणाऱ्या बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजींची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

गुणवान मार्गदर्शकांची आपल्या भागात वाण नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून शारीरिक शिक्षणाचे काम करत आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. बुलढाण्यात चंद्रकांत इलग यांच्याकडे तिरंदाजी शिकलेल्या प्रथमेश जावकरने मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला एका गुणाने हरवून सुवर्ण जिंकले. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या सुवर्णविजेत्या कंपाउंड संघातही तो होता. बुलढाण्यात राहून जगज्जेत्यांशी झुंजणारा खेळाडू घडवता येतो, हे जिल्ह्याने सिद्ध केले आहे.

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांची कारकीर्द इथे पाहण्यासारखी आहे. १९७४ मध्ये वयाच्या बाविसाव्या वर्षी त्या महिला बास्केटबॉल संघाच्या प्रशिक्षक झाल्या. महिन्याचे मानधन २५० डॉलर. संघाची गाडी त्या स्वतः चालवत आणि खेळाडूंचे गणवेशही स्वतःच धूत. आपल्याकडच्या कोणत्याही क्रीडा शिक्षकाला ही परिस्थिती ओळखीची वाटेल. फरक पुढे पडला. त्यांच्या प्रत्येक सामन्याची नोंद राहिली. ३८ हंगाम, १,०९८ विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे, हा हिशेब म्हणूनच आज जगापुढे आहे. संघात पूर्ण काळ खेळलेल्या त्यांच्या प्रत्येक मुलीने पदवी पूर्ण केली, हेही नोंदींमुळेच कळते. २०१२ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला.

सन्मानाची सुरुवात व्यासपीठावर होत नाही, ती नोंदवहीत होते. शिवाय ती नोंद फक्त पदकांची असून चालणार नाही. धाडसारख्या ग्रामीण भागात घरातली पहिली मुलगी ट्रॅकसूट घालून मैदानावर येते, तीही कामगिरीच आहे. शेतमजुराचा मुलगा धावण्याच्या सरावावर पोलीस भरतीची मैदानी चाचणी पार करतो, तीही. या दोन्हीमागे कोणाचे तरी श्रम असतात.

म्हणून धाड आणि परिसरातल्या महाविद्यालयांना, त्यांच्या संस्थाचालकांना आणि माजी खेळाडूंना एक विनंती. येत्या २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, एक वही उघडा. वर्ष, खेळ, खेळाडूचे नाव, गाव, गाठलेली पातळी, पुढे काय झाले आणि मार्गदर्शक कोण, एवढे सात रकाने पुरेत. निवृत्त सरांकडे जाऊन, त्यांच्या आठवणीतून आणि जुन्या प्रमाणपत्रांतून मागची वर्षेही भरून घ्या. विद्यापीठानेही कलर कोट देताना खेळाडूच्या नावापुढे त्याच्या पहिल्या मार्गदर्शकाचे नाव वाचावे. त्याला पैसा लागत नाही. आणि तुम्ही स्वतः कधी महाविद्यालयाच्या संघातून खेळला असाल, तर सत्काराची वाट न पाहता आजच सरांना फोन करा.