आधी विषय, मग विद्यापीठ, देश सगळ्यात शेवटी

लेखमाला : धर्माबादहून परदेशी शिकायला
लेखांक ५

धर्माबादपासून बासर आणि निजामाबाद हाकेच्या अंतरावर. तिकडं सोयरीक आहे, रोजची जा-ये आहे, आणि तिकडच्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी अमेरिकेत नाहीतर ऑस्ट्रेलियात आहे. त्यामुळं आपल्याकडच्या पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या पोराला परदेश अशक्य वाटत नाही. ही चांगलीच गोष्ट आहे. पण लग्नकार्यात भेट झाली की पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या देशात जाणार?" पोरगंही त्याच प्रश्नाचं उत्तर शोधायला लागतं. आधी देश ठरतो, मग त्या देशात जे मिळेल ते विद्यापीठ, आणि उरलेल्या जागेत विषय. मागच्या लेखांत खर्च, कर्ज आणि इंग्रजीची परीक्षा पाहिली. तो सगळा खर्च ज्याच्यासाठी करायचा, तो अभ्यासक्रम निवडताना हा क्रम उलटा करा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. लाल मिरचीच्या व्यापारासाठी धर्माबादचं नाव आहे. समजा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून बीएस्सी कृषी झालेल्या एका मुलीला मिरचीच्या रोगांवर पुढं शिकायचं आहे. चुरडा-मुरडा तिनं घरच्या शेतात पाहिलाय. २०२१-२२ च्या हंगामात तेलंगण आणि आंध्रातली मिरची काळ्या फुलकिड्यांनी कशी बसवली, तेही तिला माहीत आहे. ही मुलगी "कोणता देश" असं विचारत बसली तर तिला अमेरिका, इंग्लंड, कॅनडा हीच तीन नावं ऐकू येतील. तिनं "मिरचीवर काम कुठं चालतं" असं विचारलं की नकाशाच बदलतो.

भाजीपाल्यावर संशोधन करणारं 'वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटर' १९७१ साली तैवानमध्ये सुरू झालं. मिरचीच्या वाणांचा मोठा संग्रह तिथं आहे. त्याचं दक्षिण आशियाचं कार्यालय हैदराबादजवळ पाटणचेरूला, इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या आवारात आहे. म्हणजे आपल्या देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी पोचून संध्याकाळी परत निघता येईल इतकं जवळ. या केंद्रात पदवी मिळत नाही. पदवी तैवानच्या विद्यापीठाची घ्यायची आणि प्रबंधासाठी केंद्राशी बोलायचं. तैवान सरकार परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही देतं. दुसरं ठिकाण अमेरिकेतलं, पण न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियातलं नव्हे. न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीत १९९२ पासून फक्त मिरचीला वाहिलेली एक संस्था आहे, चिली पेपर इन्स्टिट्यूट. तिसरं नेदरलँड्समधलं वाखेनिंगन विद्यापीठ. शेतीच्या विषयांत त्याचं नाव जगात सगळ्यात वर घेतलं जातं. या तिन्हींपैकी एकही नाव निजामाबादच्या पाहुण्याच्या तोंडून येणार नाही.

आता अडचण येते ती शिष्यवृत्तीची. ती नीट समजून घ्या, कारण आपल्या भागातल्या बहुतेक मुलांचं जाणं तिच्यावरच ठरतं. सीमेपलीकडच्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना तेलंगण सरकार आंबेडकर ओव्हरसीज विद्यानिधीतून २० लाख रुपयांपर्यंत मदत देतं. बासरच्या मामेभावाला ती मिळाली म्हणून धर्माबादच्या आतेभावाला मिळत नाही. अधिवास तेलंगणाचाच लागतो. आपल्याकडं अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तिच्या ७५ जागा आहेत. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी योजना आहे, मराठा आणि कुणबी विद्यार्थ्यांसाठी 'सारथी'ची आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्तीच्या १२५ जागा आहेत. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी. रोजंदारीवर जाणाऱ्या आई-बापाच्या लेकरासाठी केंद्रानं ठेवलेल्या या चार जागांची गोष्ट आपल्या गावागावांत पोचायला हवी. अटी दर वर्षी थोड्या बदलतात, म्हणून मागच्या वर्षी गेलेल्या मित्राचं ऐकून थांबू नका. त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा.

या योजना विद्यापीठाची क्यूएस ही जागतिक क्रमवारी पाहतात, आणि पाहतात ती विद्यापीठाची एकूण क्रमवारी. तुमच्या विषयाची नव्हे. पेच इथंच आहे. वाखेनिंगन एकूण क्रमवारीतही वर आहे, म्हणून तिथं अडत नाही. न्यू मेक्सिको स्टेट खूप खाली आहे. जगातली मिरचीवरची नावाजलेली संस्था तिथं असली तरी आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीसाठी त्या नावाचा उपयोग नाही. मग ते यादीतून काढून टाकायचं का? नाही. अमेरिकेतल्या सरकारी विद्यापीठांत प्रबंध असलेल्या शेती-विज्ञानाच्या एमएसला प्राध्यापकाच्या प्रकल्पावर संशोधन सहायक म्हणून जागा मिळू शकते. अशी जागा मिळाली की बहुतेक ठिकाणी शुल्क माफ होतं किंवा बरंच कमी होतं आणि दरमहा वेतन मिळतं. ती मिळवायची तर अर्जाच्या कितीतरी आधी त्या प्राध्यापकांना पत्र लिहावं लागतं, त्यांचे दोन-तीन शोधनिबंध वाचून, आपल्या शेतातला प्रश्न मांडून. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस अभ्यासक्रमांना तर क्रमवारीची अटच नाही. किमान तीन देशांतली विद्यापीठं मिळून ते चालवतात, आणि शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क लागत नाही, शिवाय दरमहा १,४०० युरो मिळतात. म्हणून यादी एकच करू नका. एक यादी क्रमवारीत बसणाऱ्या विद्यापीठांची आणि दुसरी विषयात भक्कम असलेल्या विभागांची. ज्याचं नाव दोन्हींत आलं, ते पहिलं.

शिष्यवृत्तीनं विद्यापीठ ठरवलं तरी आतली निवड आपलीच राहते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणात स्वच्छ दिसतं. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. कोलंबिया ठरलं ते शिष्यवृत्तीमुळं. तिथं त्यांनी काय घेतलं ते पाहा : अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. सार्वजनिक अर्थव्यवहाराचे मोठे जाणकार सेलिग्मन त्यांना शिकवायला होते, तत्त्वज्ञ जॉन ड्यूई होते. मे १९१६ मध्ये भारतातल्या जातींवरचा निबंध त्यांनी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानं आपल्या देशातला सगळ्यात जळजळीत प्रश्न घेऊन दुसऱ्या विभागाचं दार ठोठावलं होतं. पुढं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानं १९१७ साली परतावं लागलं, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि रुपयाच्या प्रश्नावर १९२३ साली डीएस्सी मिळवली. प्रश्न इथला, पद्धत तिथली. १९५० मध्ये मराठवाड्यातल्या मुलांसाठी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभं केलं तेही त्यांनीच.

मग अभ्यासक्रम पारखायचा कसा? त्याच्या नावावर जाऊ नका. 'डेटा सायन्स' या एकाच नावाखाली एका विद्यापीठात गणित विभाग शिकवतो, दुसऱ्यात व्यवस्थापनाची शाळा. दोन्हींतून बाहेर पडणारी मुलं वेगळी असतात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषयांची यादी असते, ती छापून घ्या. सक्तीचे किती, ऐच्छिक किती, प्रबंधाला किती श्रेयांक, प्रत्यक्ष काम किंवा इंटर्नशिप आहे का, हे पेन्सिलीनं खुणा करत वाचा. युरोपात दोन वर्षांची मास्टर्स साधारण १२० श्रेयांकांची असते आणि तिच्यात ३० किंवा त्याहूनही जास्त श्रेयांक प्रबंधाला असू शकतात. इंग्लंडची मास्टर्स बहुधा एका वर्षात संपते. पैसा वाचतो हे खरं. पण मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला रुळायलाच चार महिने लागले तर हातात किती उरतं, याचाही हिशेब करा.

प्रवेशाची अटही ओळ न ओळ वाचा. आपली बीए, बीएस्सी बहुतेक तीन वर्षांची आहे. जर्मनीत ती साधारण चालते, पण पदवीला तोच विषय पुरेशा श्रेयांकांनी शिकलेला असावा लागतो, आणि २०२२ च्या अखेरीपासून भारतीय विद्यार्थ्यांना कागदपत्रांच्या पडताळणीचं एपीएस प्रमाणपत्रही लागतं. अमेरिकेत काही विद्यापीठं तीन वर्षांची पदवी घेतात, काही घेत नाहीत. तिथं आणखी एक बारकावा आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाला सरकारी वर्गीकरणाचा एक क्रमांक असतो, त्याला सीआयपी कोड म्हणतात. शिक्षणानंतर १२ महिने काम करण्याची परवानगी मिळते. ती आणखी २४ महिन्यांनी वाढवायची तर हा क्रमांक विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत असावा लागतो. अर्थशास्त्राची एक मास्टर्स या यादीत बसते, शेजारच्या विद्यापीठातली बसत नाही. प्रवेश घेण्याआधी हा क्रमांक विभागाला पत्र लिहून विचारा.

कन्सल्टन्सीबद्दल. नांदेडपासून हैदराबादच्या अमीरपेटपर्यंत ही कार्यालयं आहेत आणि त्यांतली बरीच विद्यार्थ्याकडून पैसे घेत नाहीत. त्यांना पैसे देतात ती विद्यापीठं, तुमच्या पहिल्या वर्षाच्या शुल्कातला ठराविक वाटा म्हणून. मग जे विद्यापीठ असा वाटा देत नाही ते त्यांच्या यादीत येईल कशाला? जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्कच नाही, तर वाटा कशातून निघणार? माहिती घ्यायला तिथं जरूर जा. तुमची यादी मात्र घरून तयार करून न्या आणि त्यांनी भर घातलेल्या प्रत्येक नावाचं कारण विचारा.

एका गोष्टीपायी अनेकांची वर्षं वाया जातात. सरकारी शिष्यवृत्तीला विनाअट प्रवेशपत्र लागतं. शेवटच्या सत्राचा निकाल हाती नसताना विद्यापीठ सशर्त पत्र देतं. निकाल आला की गुणपत्रक लगेच पाठवून ते पत्र विनाअट करून घ्यावं लागतं, आणि तेवढ्यात शिष्यवृत्तीची मुदत संपते. ज्यांना हे जमण्यासारखं नाही त्यांनी पदवीनंतर एक वर्ष थांबून अर्ज करावा असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वर्षात शेतावर, प्रयोगशाळेत किंवा एखाद्या संस्थेत काम करा. अर्ज त्यानं भक्कमच होतो. आई-वडिलांनीही याला वर्ष वाया गेलं असं म्हणू नये.

अमेरिकेच्या आणि इरॅस्मस मुंडसच्या बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत असते. म्हणून शेवटच्या वर्षातल्या मुलामुलींनो, दिवाळीच्या सुट्टीत तीन अभ्यासक्रमांच्या विषययाद्या छापून काढा आणि त्या घेऊन आपल्या महाविद्यालयातल्या त्या विषयाच्या सरांकडं किंवा मॅडमकडं जाऊन बसा. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातून शिकलेल्यांनी सुट्टी संपताच विष्णुपुरीला जाऊन ट्रान्स्क्रिप्टचा अर्जही करून टाकावा.

पुढच्या आठवड्यात : परदेशातलं एमबीबीएस. ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, १२ महिन्यांची इंटर्नशिप आणि इंग्रजी माध्यम या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२१ च्या अटी पाहिल्याशिवाय तोवर कुणीही पैसे भरू नका.