जिप्सम बोर्डचे सांधे घरच्या घरी कसे भरायचे? मोबाईलचा टॉर्च दाखवतो खरी चूक

यवतमाळच्या आमच्या घरात बहिणीला बारावीच्या अभ्यासासाठी वेगळी खोली हवी होती. म्हणून हॉलमध्ये जिप्सम बोर्डचं पार्टिशन घातलं. फ्रेम आणि बोर्ड कारागिराने बसवले. सांधे भरायचं काम मात्र व्हिडिओ बघून मीच करायला घेतलं. विदेशी व्हिडिओंत याच बोर्डला ‘ड्रायवॉल’ म्हणतात.

मे महिना होता. घाईत मी एकच जाड थर मारला आणि पंखा फुल्ल केला. रात्री ट्यूबलाइटमध्ये भिंत मस्त दिसली. सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं, तर मधोमध लांबलचक फुगवटा आणि त्यात चीर. बहीण म्हणाली, “काहून रे दादा, भितीवर साप निंगाला का?”

असं का झालं?

सांध्यात भरायच्या जॉइंटिंग कंपाऊंडमध्ये पाणी असतं. ते उडालं की कंपाऊंड आकसतं. थर जाड असेल तर वरचा भाग आधी सुकतो, आतला ओलाच राहतो आणि नंतर चीर पडते. आपल्या विदर्भातला उन्हाळा आणि वरून पंखा, म्हणजे वरचा भाग आणखी लवकर सुकणार. कूलरचं उलटं आहे. त्याच्या ओल्या हवेत सुकायला जास्त वेळ लागतो. म्हणून पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवा आणि खिडकी थोडीशी उघडी ठेवा.

आता बरोबर पद्धत बघूया

१. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत हवं, पण कागद फाटायला नको. पत्र्याची पट्टी भिंतीवरून फिरवा. टक् आवाज आला तर तो स्क्रू अजून थोडा आवळा.

२. बोर्डची लांब कड मुद्दाम थोडी उतरती बनवलेली असते. त्या खोलगट जागेत कंपाऊंडचा पातळ थर द्या. त्यावर कागदी टेप बसवा आणि पट्टीने दाबत जास्तीचा माल काढून घ्या. टेपखाली हवा राहिली तर पुढे फुगा येतो.

३. पूर्ण सुकू द्या. ओलं कंपाऊंड गडद दिसतं, सुकलं की सगळीकडे सारखं पांढरं होतं. साधारण एक दिवस धरा, पावसाळ्यात जास्त.

४. दुसरा थर साधारण ८ इंच रुंद आणि तिसरा १२ इंच द्या. दोन्ही पातळच. उंचवटा आजूबाजूला पसरवत नेला की डोळ्याला कळत नाही.

५. शेवटी १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासा, मग प्रायमर मारा. कागद आणि कंपाऊंड रंग वेगवेगळा शोषतात. प्रायमर नसेल तर रंगानंतर सांध्याचा पट्टा उठून दिसतो.

मोबाईल कुठे वापरायचा?

टॉर्च: रात्री खोलीतले लाइट बंद करा. मोबाईल भिंतीला जवळजवळ टेकवून टॉर्चचा उजेड भिंतीला समांतर सोडा. समोरून पडलेल्या उजेडात उंचवट्याची सावलीच पडत नाही. बाजूने पडला की अर्ध्या मिलिमीटरचा उंचवटाही दिसतो. तिथे पेन्सिलने खूण करा. प्रत्येक थर सुकल्यावर हे करायचंच.

कॅमेरा: बोर्डची दुसरी बाजू बंद करण्याआधी आतल्या वायरिंगचे फोटो काढा. फोटोत मोजायची टेप दिसू द्या, म्हणजे वायर जमिनीपासून किती उंचीवर आहे हे पुढे कळेल.

मेटल डिटेक्टर ॲप: हे फोनच्या मॅग्नेटोमीटरवर, म्हणजे होकायंत्राच्या सेन्सरवर चालतं. फ्रेमचं लोखंड किंवा स्क्रू जवळ आला की आकडा बदलतो. पण तांबं चुंबकीय नसतं, त्यामुळे तांब्याच्या वायरचा पत्ता या ॲपवर लागेलच असं नाही. ॲप गप्प आहे म्हणून तिथे ड्रिल मारू नका, जिवावर बेतू शकतं. आधी फोटो बघा आणि मेन स्विच बंद करा.

हे विसरू नका

घासताना पिठासारखी धूळ उडते. एन-९५ मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा. फोन झिप पाऊचमध्ये ठेवा, नाहीतर धूळ चार्जिंग पोर्टमध्ये आणि स्पीकरच्या जाळीत बसते. आणि छत गळत असेल तर आधी ते दुरुस्त करा. साधा जिप्सम बोर्ड पाण्याने मऊ पडतो, त्यावर कितीही थर दिले तरी उपयोग नाही.

मी तो जाड थर खरवडून काढला आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली. एका रात्रीत उरकायला निघालेल्या कामाला पाच दिवस लागले, त्यातले बरेचसे तास नुसते सुकायची वाट बघण्यात गेले. आता त्याच भिंतीवर बहिणीचं अभ्यासाचं वेळापत्रक लागलं आहे. सकाळचं ऊन आजही तिरपंच येतं, पण साप काही दिसत नाही.