नाताळात दूध टाकणारं तान्हं
कोल्हापुरात वायल्डर मेमोरियल चर्चमधली नाताळची उपासना आटोपली की पाहुणे घरी येतात आणि तान्हं या हातातून त्या हातात फिरतं. दूध टाकणाऱ्या बाळाला हे सोसत नाही. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप अजून कच्ची असते; पोट दाबलं गेलं की दूध वर येतं. चौथ्या महिन्याच्या सुमारास हा त्रास सर्वाधिक दिसतो, बहुतेकांचा वर्ष-दीड वर्षात थांबतो. पाजल्यावर २०-३० मिनिटं बाळाला उभं धरा, मगच पाहुण्यांकडे द्या. झोपवताना मात्र उताणं, सपाट अंथरुणावर, उशीशिवाय. आजीनं कितीही मायेनं म्हटलं तरी वर्षाच्या आत मध चाटवू नका. वजन वाढत नसेल तर तपासणी हवीच. उलटी हिरवी, रक्ताची किंवा दूर फेकल्यासारखी झाली, तर सण बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा.