भूल नेमकी कोणाला?

मुरूड-रेवदंड्यापासून उरणपर्यंत कुठल्याही गावात मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरली, की ओटीवर एक शंका हमखास निघते. "आजीला आधीच काही ध्यानात राहत नाय, त्यात भूल दिली तर उरलंसुरलं पण जायचं." मग तारीख पावसाळ्यापुढे जाते, पावसाळा संपला की लग्नसराई येते, आणि इकडे आजी सुका जवळा निवडताना खडा ठेवून जवळाच फेकत असते.

शंका अगदीच खुळी नाही. १९५५ साली पी. डी. बेडफर्ड या इंग्रज डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं, की भूल दिलेले काही वृद्ध नंतर पूर्वीसारखे राहत नाहीत. १९९८ मध्ये साठीपुढच्या १,२१८ रुग्णांच्या चाचण्या झाल्या. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभराने साधारण चौघांत एकाची आणि तीन महिन्यांनी दहांत एकाची बुद्धी मंदावलेली दिसली. पण त्याच संशोधकगटाने २००३ मध्ये संपूर्ण भूल आणि ठरावीक भागापुरती भूल यांची तुलना केली, तेव्हा तीन महिन्यांनंतर दोन्हींत फरक आढळला नाही. त्यामुळे सगळा दोष भुलीच्या औषधावर टाकता येत नाही.

शिवाय मोतीबिंदूसाठी संपूर्ण भूल सहसा देतच नाहीत. याचं श्रेय कार्ल कोलर या माणसाचं, आणि त्याचं नाव डोळ्यांच्या डॉक्टरांपलीकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. १८८४ सालचं व्हिएन्ना. ईथर देऊन डोळा कापावा, तर शुद्धीवर येताना रुग्णाला ओकाऱ्या होत आणि जखम उसवे. म्हणून डोळ्यांची ऑपरेशनं जागेपणीच, रुग्णाला धरून ठेवून होत. कोलरचा मित्र सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच) तेव्हा कोकेनच्या मागे लागला होता. कोकेनने जीभ बधिर होते हे चाखणाऱ्या सगळ्यांनाच कळत होतं; मग डोळाही होईल, हे सुचलं एकट्या कोलरला. फ्रॉइड वाग्दत्त वधूला भेटायला गावाबाहेर गेला असताना कोलरने आधी बेडकाच्या डोळ्यात थेंब टाकला, मग स्वतःच्या, आणि टाचणी टेकवून पाहिली. काहीच लागलं नाही! १५ सप्टेंबरला हायडलबर्गच्या परिषदेत हा शोध जाहीर झाला, पण तो वाचला दुसऱ्याच डॉक्टरने. कोलरकडे प्रवासाला पैसे नव्हते. पुढे ज्यू म्हणून शिवी देणाऱ्या सहकाऱ्याशी त्याचं तलवारीचं द्वंद्व झालं, व्हिएन्ना सुटलं, आणि उरलेलं आयुष्य न्यूयॉर्कमध्ये रुग्ण तपासण्यात गेलं.

आज कोकेनच्या जागी अधिक सुरक्षित औषधं आली आहेत. थेंब घालतात, नाहीतर डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शन देतात. रायगड किनाऱ्यावरचे बरेच जण ऑपरेशनला पनवेल गाठतात. शंकरा आणि लक्ष्मी ही डोळ्यांची मोठी रुग्णालयं तिथेच आहेत. टेबलावरचं काम बहुधा पाव-अर्ध्या तासाचं. बधिर होतो तो डोळा, मेंदू जागाच असतो.

मग घाबरलेल्या रुग्णाला कधी कधी शिरेतून देतात ते काय? ते गुंगीचं औषध, बहुतेकदा मिडॅझोलॅम. त्याची करामत मजेशीर आहे. धक्क्यावर लिलाव चाललाय, बोली लागतेय, टोपल्या हलताहेत, फक्त वही लिहिणारा पेंगतोय, असं काहीसं. रुग्ण बोलतो, "वर बघा" म्हटलं की वर बघतो, आणि दुपारी विचारलं तर ऑपरेशन झालेलंच त्याला आठवत नाही. घरच्यांना वाटतं, गेली स्मरणशक्ती! वास्तविक जुन्या वह्या शाबूत असतात. तेवढ्या वेळेचं पान कोरं राहतं. म्हातारपणी मात्र हे औषध शरीरातून उशिरा बाहेर पडतं आणि कमी मात्रेतही जास्त चढतं. वृद्धांत अशा औषधांबाबत हात आखडता घेतात तो त्यामुळेच. रोज झोपेची गोळी घेणाऱ्या आजोबांनी ती डॉक्टरांपासून लपवू नये.

गंमत म्हणजे डोळ्यांच्या ऑपरेशननंतर वृद्ध खरोखर भ्रमिष्ट होत, असा एक काळ होता, आणि त्याचं मोठं कारण होतं पट्टी. दोन्ही डोळे बांधायचे, डोकं हलू नये म्हणून बाजूला वाळूच्या पिशव्या लावायच्या आणि दिवसचे दिवस निजवून ठेवायचं. रुग्ण रात्री ओरडत, पट्ट्या ओरबाडत. बोस्टनच्या वाइजमन आणि हॅकेट या मनोविकारतज्ज्ञांनी १९५८ मध्ये या 'काळ्या पट्टीच्या भ्रमा'वर लिहिलं. त्यांचा उपाय होता रुग्णाशी नातं जोडून बोलत राहण्याचा. म्हाताऱ्या मेंदूला अंधार आणि एकटेपणा किती जड जातो, हे तेव्हाच दिसलं होतं.

आता वारं उलट दिशेने वाहतंय. 'मोतीबिंदू काढा, डिमेन्शिया टाळा' असे मथळे आले, ते अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या ३,०३८ वृद्धांवरच्या अभ्यासावरून. मोतीबिंदू काढलेल्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे ३० टक्के कमी दिसला. पण हे निव्वळ निरीक्षण आहे; ठणठणीत माणसंच ऑपरेशनला पुढे येत असतील, ही शंका उरतेच. काचबिंदूच्या ऑपरेशननंतर असा फायदा दिसला नाही, म्हणून मोतीबिंदू गेल्यावर डोळ्यात शिरणाऱ्या उजेडाचाच यात हात असावा, असं संशोधकांना वाटतं. मथळ्याएवढी खात्री मात्र त्यातून निघत नाही.

आणि हाताचंच म्हणाल, तर २००१ मध्ये कोरियातल्या परिचारिकांनी साधी गोष्ट करून पाहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना काही रुग्णांचा हात धरून ठेवला, बाकीच्यांचा नाही. हात धरलेल्यांची घालमेल कमी होती, आणि रक्तातलं अ‍ॅड्रेनलीनसुद्धा.