घरगुती कार्यशाळेतील वाहननिर्मिती : कारागिरी आणि कायदा

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कारागीर दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जुळवून सुमारे ६०,००० रुपयांत छोटी जीप तयार केली. दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारे हे वाहन डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजले. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्याची प्रशंसा केली. मात्र ते नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या रस्त्यावर अडविले जाईल, असेही नमूद केले. जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या बदल्यात लोहार यांना बोलेरो मिळाली.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार वाहनाच्या नव्या नमुन्याची पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेत चाचणी आवश्यक असते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीकृत वाहनातील मूलभूत फेरफारांस मर्यादा घालते. यामागे शास्त्रीय कारण आहे. खडकाळ वाटेसाठी वाहन उंच केल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ते उलटण्याची शक्यता वाढते. मोठी चाके बसविल्यास ब्रेकवरील भार वाढतो.

बंदिस्त मैदानावरील स्पर्धेत मात्र प्रयोगास वाव मिळतो. २००७ पासून भारतात होणाऱ्या ‘बाहा’ स्पर्धेसाठी अभियांत्रिकीचे विद्यार्थी पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचे एकासनी वाहन स्वतः घडवितात. अंधेरी, विद्याविहारसारख्या उपनगरांतील महाविद्यालयीन कार्यशाळांची दारे स्थानिक कारागिरांसही खुली झाल्यास अनुभवास मोजमापाची जोड मिळेल. अन्यथा अशा कारागिरीच्या वाट्याला कौतुक येईल, मान्यता नव्हे.